दादाच्या पॅडलचा आवाज

दादाच्या पॅडलचा आवाज बदललाय हे मला कळलं तेव्हा माझी कोर्टकडे पाठ होती.

काउंटरमागे बसून मी भाड्याची पॅडलं, म्हणजे पिकलबॉलच्या चपट्या बॅटी, ओल्या फडक्याने पुसत होते. आमचा हॉल म्हणजे पूर्वीचं गोदाम. वर पत्रा, खाली चार कोर्ट, त्यामुळे कुणी शिंकलं तरी घुमतं. पिकलबॉलचा बॉल प्लास्टिकचा असतो, भोकाभोकांचा. तो धडक्या पॅडलवर बसला की ‘टॉक’ असा कोरडा आवाज येतो. दादाचं टॉक मी झोपेतही ओळखेन. त्या सकाळी तिसऱ्या कोर्टवरून टॉक, टॉक येत होतं आणि मधेच ‘ठप्प’ आलं. पुन्हा टॉक, टॉक, ठप्प.

मी मान वळवली. ठप्पवाला बॉल समोरच्याने पॅडल उचलायच्या आत मागच्या भिंतीला जाऊन थडकला होता. बाकड्यावरची मंडळी टाळ्या पिटत होती.

“अरे, काय मारतोय हा!” काकू ओरडल्या. या काकू दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून रोज सकाळी खेळायला येतात आणि खेळण्यापेक्षा बोलतात जास्त. “काय खाऊन आलास रे आज?”

दादा हसला. मला हसू आलं नाही.

माझं काम सांगते, म्हणजे मला हसू का आलं नाही ते कळेल. शाळा मी मधेच सोडली. आई म्हणते शाळेनेच मला सोडलं, त्यावर आमचं अजून भांडण चालू आहे. एका जागी बसून फळ्याकडे बघायचं म्हटलं की माझे पाय वळवळतात. पण पॅडल हातात दिलं तर मी तासभर हलत नाही. लोक खेळून झालं की पॅडल काउंटरवर आपटून जातात, आणि त्यांनी त्याचं काय वाटोळं केलंय ते मी शोधत बसते. तळवा फिरवला की वरच्या थराची खरखर कुठे झिजलीय ते कळतं. खरखर गेली की बॉल फिरत नाही, नुसता घसरतो. ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं की फुगवटा दिसतो. आणि बोटाच्या पेराने वाजवत गेलं की आतलं कळतं. एकजण पॅडल भर उन्हात गाडीत ठेवतो आणि गोंद सुटला की माझ्यावर डाफरतो. एक बाई नळाखाली धुतात, भांडं असल्यासारखं. जिंकल्यावर एकमेकांच्या पॅडलवर पॅडल आपटून टाळी देणारे तर मला डोळ्यांसमोर नकोत. कडेची पट्टी तिथेच सुटते. मी ओरडले की म्हणतात, “ए माचिस, पेटू नकोस.” माचिस हे नाव दादाने पाडलंय. आता सगळा हॉल तेच म्हणतो.

तर ठप्प. पॅडलच्या आत जाळी असते. ती एखाद्या जागी चेपली, की तिथे वरचा थर सुटा होतो आणि ढोलाच्या कातड्यासारखा बॉलला उडवतो. थोडे दिवस असं पॅडल भन्नाट चालतं, मग मरतं. हे माहीत असलेला एक मुलगा आमच्याकडे होता. त्याने मुद्दाम पॅडल टाचेखाली घालून चेपलं होतं. हॉल चालवणाऱ्या मोठ्या सरांनी त्याला सगळ्यांसमोर हॉलबाहेर काढलं, आणि पुन्हा पाऊल टाकू दिलं नाही. सरांच्या लेखी चेपलेलं पॅडल म्हणजे चोरी.

आणि दादाचं सगळं त्या शनिवारवर होतं.

मुलांच्या बॅचला सरांना कायमचा शिकवणारा हवा होता. दोघं शर्यतीत होते, दादा आणि लांब्या. शनिवारी दोघांची मॅच, जिंकेल त्याला बॅच. दादा दिवसभर स्कूटरवरून पार्सलं पोचवतो. परवा जिन्यावरून उतरताना त्याने कठड्याला धरलं ते मी पाहिलं. त्याला त्या स्कूटरवरून उतरायचं होतं, आणि उतरून जायला ही एकच जागा होती. मॅचआधी दोघांची पॅडलं काउंटरवर तपासायची, ही सरांची पद्धत. तपासणार मी.

म्हणजे कुणीतरी माझ्या भावाचं पॅडल चेपलं होतं, आणि शनिवारी ते मीच सगळ्यांसमोर वाजवणार होते.

कोण, हे शोधायला मला फार डोकं चालवावं लागलं नाही. खेळाडूंची स्वतःची पॅडलं काउंटरमागच्या खुंट्यांवर टांगलेली असतात. दुपारी मी डबा खायला मागे जाते तेव्हा तिथे कुणी नसतं. आणि दुपारी लवकर येणारा माणूस एकच. लांब्या. मान दारात वाकवून आत येतो, बूट बदलताना शीळ घालतो. मागच्याच आठवड्यात त्याने विचारलं होतं, “तुझ्या भावाची खुंटी कुठली गं? माझं चुकून तिथे नको टांगायला.” मी तेव्हा सांगितलं. माझ्या मूर्खपणाला तोड नाही.

दुपारी दादा पार्सलं वाटायला गेला तशी मी त्याचं पॅडल काढलं. बाहेरून नव्यासारखं. कड तर इतकी सुबक बसलेली की नखसुद्धा शिरेना. पण पेराने वाजवत गेले आणि मधल्या भागाच्या जरा खाली, डावीकडे, आवाज खाली बसला. रुपयाच्या नाण्याएवढी जागा नव्हे, चांगली तळहाताएवढी. अंगठ्याने दाबलं तर किंचित आत गेली आणि वर आली.

मी पॅडल कव्हरात घातलं, चेन लावली आणि चेनीच्या दात्यांत माझा एक केस अडकवून ठेवला. दादाला मुद्दामच काही सांगितलं नाही. तो भोळा आहे, सरळ लांब्याकडे जाऊन “तू केलंस का रे?” विचारेल आणि लांब्या “छे” म्हणेल, संपलं. मला रंगेहाथ हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा खेळून गेल्यावर मी पुन्हा केस अडकवला. दुपारी डबा खाऊन आले तर केस गायब.

“इथे कोण आलं होतं?” मी काकूंना विचारलं. सकाळच्या खेळानंतर घरी न जाता त्या बाकड्यावर गुडघे चोळत होत्या.

“मी आले होते, पाणी प्यायला. आणि तो शिडीसारखा मुलगा. का गं? तुझ्या कपाळावर आठ्या बघ किती. लग्न ठरणार नाही अशाने.”

“तुमचं ठरलं ना? बास.”

“ठरलं की. म्हणून तर इथे येऊन बसते.”

त्यांच्यावरही क्षणभर माझी नजर फिरली. त्या लांब्याच्या लांबच्या नात्यातल्या आहेत असं कुणीतरी म्हणालं होतं. पण काकूंना स्वतःचं पॅडल सापडत नाही, दादाचं कुठून सापडणार.

शुक्रवारी मी डबा खायला गेलेच नाही. डबा घेऊन मागे गेल्यासारखं केलं आणि कोर्टच्या जादा जाळ्या गुंडाळून ठेवतात त्या ढिगाआड उकिडवी बसले. धुळीने नाक हुळहुळत होतं. शीळ ऐकू आली. मग बूट. मग शीळ थांबली.

लांब्याने इकडेतिकडे पाहिलं, काउंटरमागे आला आणि दादाच्या खुंटीवरचं कव्हर उतरवलं. चेन उघडली. पॅडल बाहेर काढलं. पेराने वाजवायला लागला. वाजवतो, थांबतो, कान जवळ नेतो. मग नाकाजवळ नेऊन हुंगलं.

“ठेव ते!” मी उडी मारून बाहेर आले.

तो दचकला नाही, याचाच मला जास्त राग आला.

“ओरडू नकोस,” तो म्हणाला. “हे ऐक.” आणि त्याने नेमक्या त्याच जागी वाजवलं. ठप्प.

“तूच चेपलंस!”

“मी? डोकं ठिकाणावर आहे का? या पॅडलने तुझा भाऊ मलाच झोडपतोय. मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ?”

“त्याला बाद करायला.”

“बाद करायचं असतं तर सरांना केव्हाच सांगितलं असतं. नुसतं सांगायचं होतं. सर किती पेटतात ठाऊक आहे ना तुला?”

“मग का नाही सांगितलंस?”

“खात्री नव्हती. त्याच्या बॉलचा वेग अचानक वाढला, मला संशय आला. काल बघत होतो तर सर आले, राहून गेलं. आज खात्री झाली. तुझ्या भावाने चेपलंय, किंवा तू चेपून दिलंयस. हात तुझेही पोचतातच की इथे.”

म्हणजे मी त्याच्यावर पाळत ठेवत होते तेव्हा हा आमच्यावर ठेवत होता.  आणि त्यावर तो म्हणाला, “आणि एक सांग. याला चपलेच्या दुकानाचा वास कसा येतो?”

माझे बाबा चपला-बूट शिवतात. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे, रस्त्याकडे मोठी खिडकी. शाळेत पोरांनी मला त्यावरून इतकं डिवचलंय की तो शब्द कानावर आला की हात आपोआप उठतो. मी लांब्याला ढकललं. तो मागच्या बॉलच्या टोपलीत बसला आणि हॉलभर पिवळे बॉल पळत सुटले.

“बाबांच्या धंद्यावर बोलायचं नाही!”

“धंद्यावर कोण बोललं?” तो टोपलीतून उठत म्हणाला. चेहऱ्यावर खरंच गोंधळ होता. “तुझे बाबा काय करतात मला माहीतसुद्धा नाही. मी वासावर बोललो.” कपडे झटकून त्याने पॅडल काउंटरवर ठेवलं. “उद्या तपासणीत तू सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन.”

तो गेल्यावर मी पॅडल हुंगलं. काही नाही. पुन्हा हुंगलं. काही नाही. खोटारडा, म्हटलं. तरी पॅडल काकूंच्या नाकासमोर धरलं.

“कसला वास येतो?”

“सोल्युशनचा,” काकू एका दमात म्हणाल्या. “माझ्या सँडलला नवा सोल लावला तेव्हा येत होता तसा. का, तुला नाही येत?”

मला नाही येत. मला कसा येणार? आमच्या उशांना तो वास आहे, टॉवेलला आहे, माझ्या केसांना आहे. जन्मल्यापासून मी त्या वासात श्वास घेतेय.

हॉलला कुलूप लावायचं सरांवर सोपवून मी पॅडल काखेत मारलं आणि लवकरच घर गाठलं.

बाबा खिडकीत बसून एका बुटाची टाच काढत होते. तोंडात खिळे. आई आतून म्हणाली, “आज सूर्य कुठे उगवला? लवकर आली बाई.”  पॅडल बाबांसमोर धरलं.

“याला तुम्ही हात लावलात?”

बाबांनी खिळे तळहातावर काढले आणि लाजल्यासारखे हसले. “कळलं तुला? म्हटलं शनिवारी सांगू. दादाने मंगळवारी रात्री इथे ठेवलं होतं. म्हणाला, कड सुटलीय, माचिसला सांगा टेप लावायला. टेप! अगं, टेप म्हणजे काय, जखमेवर वर्तमानपत्र.”

“मग काय केलंत?”

“काम केलं,” बाबा म्हणाले आणि त्यांचा आवाजच बदलला. ते एरवी दिवसभरात दहा वाक्यं बोलत नाहीत. “कड आधी पूर्ण मोकळी केली. आतला जुना गोंद चामडं तासायच्या रापीने खरवडला, हलक्या हाताने हां, ओरखडा दाखव मला एक तरी. दोन्हीकडे सोल्युशन पातळ लावलं. बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबलो. जरा ऊब दिली. मग फळ्यांमध्ये घालून शिकंज्यात आवळलं आणि सकाळपर्यंत तसंच ठेवलं.”

खिडकीखाली तो लोखंडी शिकंजा नेहमीसारखा बसला होता. सोल चिकटवला की बाबा बूट त्यात आवळतात, दांडा फिरवून, खांदा लावून.

“किती आवळलं?” मी विचारलं.

“बुटाला आवळतो तेवढं. नाही, थोडं जास्तच. खेळातली वस्तू, मार खाणार. म्हटलं, पोराचं काम अडायला नको.”

मी खाली मान घालून कडेवरून बोट फिरवत राहिले. कंपनीनेसुद्धा अशी कड बसवली नव्हती. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

“छान झालंय,” मी म्हटलं.

“उद्या मी येतोय बघायला. दुकान बंद ठेवतो.”

आई आतून दारात आली. बाबा दुकान बंद ठेवतात तेव्हा घरात कुणीतरी आजारी असतं.

दादाची स्कूटर गल्लीत वळली तशी मी बाहेर जाऊन ती कोपऱ्यावरच अडवली. बाबांनी काय केलं ते सांगितलं, दबक्या आवाजात, म्हणजे माझ्या मानाने दबक्या. दादाने हेल्मेट काढलं नाही. काच वर केली आणि ऐकत राहिला.

“मला वाटलं तू बसवलीस कड,” तो शेवटी म्हणाला.

“कड सोड. तुला आवाज नाही आला?”

त्याने काच खाली केली, पुन्हा वर केली.

“दादा, पॅडल वाजवून बघायला मला तू शिकवलंस. कुठे चेपलंय ते मला पाठमोरी कळलं. तुझ्या तर हातात होतं ते.”

“आला,” तो म्हणाला.

“मग?”

“मग काय... पहिल्या दिवशी वाटलं, मीच चांगला खेळायला लागलोय. हात बसला असेल म्हटलं.” त्याने स्कूटरचा आरसा उगाचच सरळ केला. “दुसऱ्या दिवशी कळलं की नाही. पण तोवर सगळे टाळ्या वाजवायला लागले होते.”

माझ्या डोक्यात सणक गेली. इतके दिवस मी बाहेर चोर शोधत होते, केस अडकवत होते, धूळ खात ढिगाआड बसले होते, आणि हा...

“उद्या भाड्याचं पॅडल घेतो,” तो घाईने म्हणाला.

“आणि बाबा विचारतील तेव्हा? ते त्यांचं काम बघायला येताहेत.”

“बघतो.”

दादाचं ‘बघतो’ मला लहानपणापासून माहीत आहे. नळ गळतोय, बघतो. आईची कपडे वाळत घालायची काठी मोडलीय, बघतो. त्या रात्री जेवताना बाबा त्याला वाढत होते आणि तो खाली बघून जेवत होता, आणि मी त्याच्याकडे बघत होते. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

शनिवारी हॉल भरला होता. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून काकूंच्या शेजारी बसले होते, दोन्ही हात मांडीवर. स्वतःचे बूट त्यांनी असे चमकवले होते की काकू त्यात बघून केस नीट करतील. सरांनी काउंटर मोकळा केला आणि मला खूण केली.

लांब्याने पॅडल ठेवलं. मी तळवा फिरवला, तिरकं धरलं, वाजवलं. मधे जरा झिजलं होतं, बाकी ठणठणीत. “चालेल,” मी म्हटलं.

दादा पुढे आला. कव्हर उघडलं.

तेच पॅडल होतं.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो सरांकडे बघत होता. मग माझ्या लक्षात आलं. बाबा समोर बसलेत. त्यांच्यासमोर मी तोंड उघडणार नाही, याच्यावर त्याने सगळं लावलं होतं. आणि लांब्या? लांब्याला तो विसरला होता, कारण लांब्याचं मी त्याला काही सांगितलंच नव्हतं.

लांब्या हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होता.

मी वाजवायला सुरुवात केली. वरच्या कोपऱ्यापासून. टक. टक. टक. मी त्या जागेला वळसा घालून जाऊ शकत होते. बोट तिथून थोडं लांबून नेलं असतं तर सरांना कळलंही नसतं. बोट तिथे पोचलं आणि मी नेहमीसारखंच वाजवलं.

ठप्प.

“गेलंय,” मी म्हटलं. “आतून.”

हॉलमध्ये कुजबूज झाली. सरांनी पॅडल माझ्या हातातून घेतलं, अंगठा दाबला, आणि त्यांचे कान लाल झाले. “टाचेखाली दिलंस?” त्यांनी दादाला विचारलं. “तू? मी तुला पोरं शिकवायला देणार होतो!”

दादाने रिकाम्या कव्हराची चेन लावली.

“सर, ते काउंटरवर माझ्याच हातून...” मी सुरू केलं. पुढे काय बोलणार होते देव जाणे.

“एक मिनिट.” बाबा उठून आले होते. “ते काय वाजवलंस? पुन्हा वाजव.”

मी वाजवलं. आधी चांगल्या जागी, मग तिथे. बाबांनी मान तिरकी केली. ते टाचा अशाच वाजवून बघतात, आत खिळा सैल आहे का ते.

“आत काय असतं?” त्यांनी सरांना विचारलं.

“जाळी असते. पोकळ. जोरात दाबली की मोडते.”

“शिकंज्यात दाबली तर?”

“कशातही.”

बाबांनी एकदा दादाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “मग मी मोडलीय,” ते म्हणाले. “बूट शिवतो मी. कड चिकटवली आणि सोलसारखी आवळली.”

सरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “वडील आहात. मुलाच्या बाजूने बोलणारच.”

“कड बघा ना,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच मला सहन होईना. “फसवायला चेपणारा माणूस एवढी कड बसवत बसेल का?”

सरांनी पॅडल उजेडात नेलं. नखाने कड उचकटून पाहिली, उचकटेना.

“सोल्युशनचा वासही येतोय, सर,” लांब्या म्हणाला. “मी काल हिला विचारलं होतं. हिने मला टोपलीत बसवलं.”

कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. “मला पटलंय असं समजू नका,” ते म्हणाले. “कुणी मोडलं ते सोडा. खेळणाऱ्याला इतके दिवस कळलं नाही, हे मला पटत नाही.” ते दादाकडे बघत होते आणि दादाने मान वर केली नाही. “दुसरं पॅडल घे. खेळ.”

भाड्याची पॅडलं म्हणजे झिजून गुळगुळीत. लांब्याने स्वतःच्या पिशवीतलं दुसरं पॅडल काढून पुढे केलं. मी ते दादाच्या हातात जाऊ न देता आधी घेतलं आणि कोपरा न कोपरा वाजवला.

“एवढं काय बघतेस?” लांब्या म्हणाला.

“तुझं आहे म्हणून बघतेय.”

पॅडल चांगलं होतं. माझी थोडी निराशाच झाली.

दादा हरला. हातातल्या पॅडलमुळे नाही. त्या चेपलेल्या पॅडलची त्याच्या हाताला सवय लागली होती. अर्ध्या ताकदीत मारलं तरी बॉल उडतो, हे त्याचं मनगट गृहीत धरून चाललं होतं. आता बॉल कोर्टच्या मधल्या जाळीत अडकत होता, पुन्हा पुन्हा, त्याच उंचीवर. मधे त्याने सावरलं, दोन-चार गुण सलग काढले, काकू ओरडल्या. मग पुन्हा जाळी. लांब्या जिंकला तेव्हा त्याने शीळ घातली नाही. सरांनी त्याला जवळ बोलावलं, आणि मुलांची बॅच त्याची झाली.

बाबा तोवर पायरीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे टेप कापायचा कटर मागितला आणि मोडक्या पॅडलच्या कडेत घातला. स्वतः बसवलेली कड सोडवायला त्यांना बराच वेळ लागला. मग वरचा थर हळूहळू सोलून काढला. आत बारीक बारीक घरं होती, सहा बाजूंची, एकाला एक चिकटलेली.

“हे तर मधमाश्यांचं पोळं,” बाबा म्हणाले.

डावीकडे खाली घरं आडवी झाली होती. त्यांनी बोटाच्या टोकाने एक घर उभं करायचा प्रयत्न केला. ते पुन्हा आडवं झालं.

“मी बूट उघडून बघितल्याशिवाय कधी शिवत नाही,” ते म्हणाले. “आणि हे न बघता दाबलं. कड सुटली तर काय करायचं असतं मग?”

“सुटल्या जागी थेंबभर गोंद. आणि दाबायचं नाही. वरून टेप गुंडाळून ठेवायची.”

“टेप,” बाबा म्हणाले, जसं काही मी गावात कुणी गेल्याचं सांगितलं.

दादा स्कूटरपाशी उभा होता. मी त्याच्याकडे गेले. मॅचभर मी त्याच्याशी भांडायची तयारी केली होती, शब्दसुद्धा ठरवून ठेवले होते. तो काय सांगेल तेही ठरवून टाकलं होतं: चुकून आणलं, घाईत तेच कव्हर उचललं, बाबांना वाईट वाटेल म्हणून.

“मी गप्प बसले असते,” मी विचारलं, “तर तू त्याच पॅडलने खेळला असतास?”

“हो,” दादा म्हणाला.

“जिंकला असतास तर बॅच घेतली असतीस?”

“हो.”

एवढंच. पुढे ‘पण’ नाही, ‘परंतु’ नाही. मला भांडायला काही उरलंच नाही. त्याने जादाचं हेल्मेट माझ्यासमोर धरलं.

“चल. पार्सलं उचलायच्या आधी घरी सोडतो.”

“मी बाबांबरोबर चालत जाते,” मी म्हटलं.

बाबांनी पॅडलचे दोन्ही तुकडे शर्टाच्या आत सरकवले होते, इस्त्री मोडली होती. आम्ही रस्त्याला लागलो. थोड्या वेळाने लक्षात आलं, दादा स्कूटर चालू न करता, ढकलत आमच्या मागून येतोय. मी वळून पाहिलं नाही. बाबांनी पाहिलं, आणि चाल जरा कमी केली.